पत्र्यावरचा अग्निरथ

करंजाड्याच्या नव्या वसाहतीत राफेल आष्टमकर राहायला आले त्याला वर्ष उलटून गेले होते, तरी त्यांच्या घराच्या भिंतींवर अजून एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. बिल्डरने रंग देऊन ज्या स्थितीत सोडल्या त्याच स्थितीत त्या होत्या, पांढऱ्याफटक आणि निर्विकार. सकाळी गोदूबाई येऊन केरवारे करून गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या भिंतींना माणसाचा आवाज ऐकू येत नसे; आलाच तर तो सरांच्याच पुटपुटण्याचा.

लोक त्यांना सर म्हणत. पनवेलच्या एका शाळेत त्यांनी उभे आयुष्य संस्कृत शिकवण्यात घालवले होते. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातला गृहस्थ रामरक्षेतल्या समासांचे विग्रह अस्खलित करून दाखवतो याचे कौतुक करणारी पिढी आता निवर्तली होती. कधी बाजारात एखादा जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करी आणि विचारी, "सर, हल्ली कुठे असता?" तेव्हा 'करंजाड्याला' असे सांगताना आपण दुसऱ्याच कुणाचा पत्ता सांगत आहोत असे सरांना वाटे.

जुने घर पनवेल गावात होते, प्रार्थनालयापासून हाकेच्या अंतरावर. त्या आळीतले एकेक कुटुंब इस्राएलला निघून गेले. सरांची कन्या झिल्पाही लग्न होऊन तिकडेच, अश्दोदला गेली. मग पत्नी हदास गेली. तिचा प्रवास त्याहून लांबचा. त्यानंतर काही काळ सरांनी एकट्याने ते घर सांभाळले, पण एके दिवशी जिन्यात पाय घसरला, आणि पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की आपण हाक मारली तर ऐकायला आळीत कुणी नाही. त्यांनी घर विकले. लेकीला सांगितले ते व्यवहार पुरा झाल्यावर. झिल्पा त्या वेळी फोनवर काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ सर पुढे वर्षभर लावीत राहिले.

फोन दर रविवारी येई. सासरच्या वळणाने झिल्पा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळू लागली होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत ती फोनला हात लावीत नसे की वाहनात बसत नसे. डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या सुमारास अशाच एका रविवारी ती म्हणाली, "पप्पा, जानेवारीत येतेय मी. ठाण्याला एरियलचं लग्न आहे ना." एरियल हा तिचा मावसभाऊ.

"ये, ये! मी आतली खोली नीट करून घेतो. गोदूबाईला सांगून गाद्या उन्हात घालतो."

"मी हॉटेलात उतरतेय. ठाण्यालाच, सिनेगॉगच्या जवळ. शुक्रवारी दुपारी तुमच्याकडे येऊन जाईन."

"घर असताना हॉटेलात?"

"घर होतं तेव्हा कधी उतरले का हॉटेलात?"

 सरांनी तिकडच्या थंडीची चौकशी केली आणि फोन ठेवला. मग ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. न्यायशास्त्राच्या जुन्या सवयीने त्यांनी कार्याचे कारण शोधले, आणि ते त्यांना तिथेच, डोळ्यांसमोर सापडल्यासारखे वाटले. ही भिंतच दोषी. या घरात कुणी राहते याचा पुरावा तिच्यावर नाही. पोरीने उतरावे तरी कशाच्या ओढीने? भिंती बोलक्या करायच्या आणि झिल्पाने एक रात्र तरी या घरात राहावे असे करायचे, एवढेच त्यांनी मनाशी धरले. म्हातारपणी माणसाच्या हाती फार थोडे हेतू उरतात, पण जो उरतो तो पक्का असतो.

पनवेलच्या बाजारात जिब्रानचे दुकान होते. जिब्रान हा सरांच्या जुन्या आळीशेजारच्या मोहल्ल्यातल्या अमिरुन्निसाबींचा धाकटा मुलगा. शारजात पाट्या आणि फलक बनवणाऱ्या कारखान्यात काही वर्षे राबून तो परतला होता आणि येताना एक कसब घेऊन आला होता: अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चित्र छापण्याचे. जगातल्या संग्रहालयांतली जुनी चित्रे त्याने संगणकात साठवली होती. गिऱ्हाइकाने बोट ठेवावे आणि त्याने ते चित्र पत्र्यावर उतरवून द्यावे.

"कागदावरचं चित्र वर बसलेलं असतं, सर," तो एक नमुना पुढे करून सांगू लागला. "इथे शाई तापून वाफ होते आणि पत्र्याच्या लेपात शिरते. पुसा, धुवा, काही होत नाही. आपल्या कोकणच्या हवेला बुरशी धरायला जागाच नाही."

सरांनी नमुना हातात घेतला. पत्रा असूनही चित्रात खोली होती. एखाद्या तळ्याच्या निवळ पाण्यात पाहावे तशी आकृती आतून वर येत होती. त्यांनी सावकाश, दोन फेऱ्या मारून निवड केली. पहिला घेतला तो अजिंठ्याचा कमळ धरलेला बोधिसत्त्व; त्याच्या झुकलेल्या पापण्यांपुढे सरांनी नकळत हात जोडले. मग मोगल दरबारातल्या कुणा चित्रकाराने रंगवलेला सारसांचा जोडा. आणि एका जुन्या डच चित्राची प्रत: खिडकीपाशी उभी राहून भांड्यात दूध ओतणारी बाई. ही तिसरी का निवडली हे त्यांनी जिब्रानला सांगितले नाही. त्या बाईच्या मनगटाचे वळण हदासच्या मनगटासारखे होते.

चित्रे आली. जिब्रानने स्वतः येऊन यंत्राने भोके पाडली आणि भिंतीपासून बोटभर पुढे राहतील अशी ती बसवून दिली, त्यामुळे प्रत्येक चित्रामागे एक मऊ सावली पडली. घर खरोखर उजळले. दुसऱ्या सकाळी गोदूबाई तिच्या नेरे गावाहून आली ती हातातला झाडू तसाच धरून दारात उभी राहिली.

"अगो बाय! सर, कवरा भारी दिसतंय हो!"

"आवडले?" सरांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला.

"आवडलं म्हंजे? आमच्या फाट्यावर ते नवीन हाटेल झालंय ना, तिथं पन अशीच चित्रां लावल्यात. सेम टू सेम हाय!"

"हॉटेलासारखे दिसते?"

"मंग! आता कोनी म्हननार नाय का हे घर हाय म्हनून!"

गोदूबाईच्या लेखी ही प्रशंसेची परिसीमा होती. ती गुणगुणत केर काढू लागली आणि सर मात्र खुर्चीत बसले ते बसलेच. बाईने निर्मळ मनाने खरे तेच सांगितले होते. बोधिसत्त्व करुणामय होता, सारस देखणे होते, दूध ओतणारी बाई शांत होती. पण यांतले कुणीही झिल्पाला ओळखत नव्हते.

झिल्पाला ओळखणारे चित्र कपाटात होते, जुन्या चादरीत गुंडाळलेले.

कोकणातल्या बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नाबीची तसबीर असते. हा संदेष्टा मरण न पावता अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला. तो आजही भक्ताच्या हाकेला धावतो अशी श्रद्धा. नवस बोलावा तो त्याला, गोड पोह्यांच्या मलिद्याचे ताट ठेवावे ते त्याच्या नावे. आष्टमकरांची तसबीर सरांच्या आजोबांनी मुंबईहून आणलेली होती. उधळलेले घोडे, ज्वाळांनी वेढलेले चाक, रथात उभा शुभ्र दाढीचा वृद्ध, आणि खाली गळून पडणारा त्याचा झगा. गावातल्या घरात ती जेवणघराच्या भिंतीवर होती. तिच्या चौकटीला वर पितळी सळई होती आणि सळईवर पातळ कापडाचा पडदा. धुळीपासून रक्षणासाठी हदासने लावलेला. झिल्पा लहानपणी स्टुलावर चढून त्या रथाच्या चाकाला हात लावी आणि मगच परीक्षेला जाई.

सरांनी चादर सोडली. ओलीने कागद काचेला चिकटला होता. चौकट वाळवीने पोखरली होती. भिंतीवर टांगली तर आठवडाभरात खाली येईल अशी तिची अवस्था. पण रंग होते, रेषा होत्या. पत्र्यावर उतरवून घेतली तर पुन्हा शंभर वर्षांची निश्चिंती.

त्याच दुपारी ते रिक्षा करून दुकानात गेले. दुकानात आणखी दोघे गिऱ्हाईक होते. जिब्रानने अगत्याने चादर उलगडली आणि त्याचा हात थबकला.

"सर, हे कोण?"

"एलियाहू हन्नाबी. तुझ्या आईला विचार, तिने शेकडो वेळा पाहिलेली आहे ही तसबीर."

"इलियास अलैहिस्सलाम," जिब्रान आदराने, हलक्या आवाजात म्हणाला आणि त्याने चादर पुन्हा वर ओढली. "सर, एवढं एक काम माझ्याकडून नका करवून घेऊ."

"का? मशीन लहान पडते?"

"मशीनचा प्रश्न नाही."

"मग कशाचा? बोधिसत्त्व छापलास. त्या कोपऱ्यात कुणाचा तरी गणपती तयार उभा आहे. आमच्याच नबीचे तुला वावडे?"

"वावडं नाही, सर. उलट... मी घरी बोलतो आणि तुम्हाला सांगतो." गिऱ्हाइकांसमोर त्याला शब्द सापडेनात.

सरांच्या मस्तकात काहीतरी चढले. झिल्पाच्या येण्याला थोडेच दिवस उरले होते, आणि ज्या एका वस्तूवर सारी भिस्त ती या पोराने चादरीखाली झाकली होती. "घरी काय बोलायचे त्यात?" ते म्हणाले. "तिकडे इस्राएलात चाललेल्या भांडणाचा राग माझ्या तसबिरीवर काढतो आहेस, असे सरळ सांग ना!"

जिब्रानचा चेहरा उतरला. "तुम्ही मला असं बोललात, सर?" एवढेच तो म्हणाला.

सरांनी तसबीर उचलली आणि ते बाहेर पडले. घरी येईपर्यंत रिक्षात ती त्यांनी मांडीवर धरली होती. आयुष्यभर तोलून मापून बोललेल्या माणसाच्या तोंडून एखादे वाक्य असे सुटते आणि मग परतीच्या वाटेवर ते त्याच्याच कानांत पुन्हा पुन्हा वाजते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. अमिरुन्निसाबी लिफ्टवर विश्वास नसल्यामुळे चार जिने चढून आल्या होत्या आणि दम लागून कठड्याला धरून उभ्या होत्या. हातात डबा.

"सांदणं आणलीत, राफेलभाई. नारळाच्या दुधातली, तुम्हाला चालतात तशी. आता आत घ्याल का पोरासारखं मलाही ओरडणार?"

सर ओशाळले. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"पोरगा रात्री जेवला नाही," त्या बसत म्हणाल्या. "म्हणाला, सरांनी मला काय समजलं! राफेलभाई, आमच्यात नबींची सूरत काढत नाहीत. कुणी काढली तर बघतही नाहीत. बेअदबी होते. इलियास नबी तुमचे तसे आमचेही. म्हणून त्याचा हात उठला नाही. ते त्याचे कुणी नसते तर त्याने हसत छापून दिलं असतं."

 पुस्तकात हे सरांनी कधीतरी वाचले होते. पण पुस्तकातली गोष्ट शेजारच्या मोहल्ल्यात राहते हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"पण मग तुम्ही," ते अडखळत म्हणाले, "इतकी वर्षे आमच्या जेवणघरात येऊन बसत होता. समोरच तर होती तसबीर."

"मी कुठे पाहिलीय?" अमिरुन्निसाबी हसल्या. "हदासभाभी पाहू द्यायच्या तेव्हा ना! जिन्यात माझ्या चपला वाजल्या की आधी पडदा ओढायच्या आणि मग दार उघडायच्या."

"तो पडदा धुळीसाठी होता."

"तुम्हाला धुळीचं सांगितलं असेल. मी एकदा म्हटलं, भाभी, तुमच्याच घरात तुमच्या नबींना माझ्यासाठी कशाला झाकता? तर म्हणाल्या, तुझ्यासाठी कोण झाकतंय, चहाच्या वेळी ते जरा आडवे होतात!" आणि त्या डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या.

त्या गेल्यावर सरांनी डबा उघडला नाही. ते आतल्या खोलीत जाऊन तसबिरीपुढे बसले. चौकटीवरची सळई अजून जागेवर होती. ती इकडून तिकडे किती वेळा सरकली असेल! ज्या घरात हे रोज घडत होते त्याच घरात, पाच हातांवर, ते शब्दांच्या व्युत्पत्ती शोधत बसलेले असत. हदास त्यांच्याशी खोटे बोलली नव्हती. त्यांनी विचारलेच नव्हते. आता पडद्याचे कळले. पण तिने आणखी काय काय केले असेल, कुणाकुणासाठी, आणि ते सारे आता कुणाला विचारायचे? पत्नी गेल्याचे दुःख त्यांनी एकदा सोसले होते. आपण जिच्याबरोबर राहिलो तिला पुरते ओळखलेच नाही, हे दुःख नवे होते, आणि ते सांगायला घरात दूध ओतणारी परकी बाई तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच सर तिथे हजर झाले.

"जिब्रान, परवा मी शिक्षकाला न शोभेल असे बोललो."

जिब्रान मान खाली घालून काउंटर पुसत होता. "हातावर छडी मारली असतीत तरी चाललं असतं, सर. तेवढं वाक्य नको होतं."

"नको होते. ते मी परत घेतो, पण सुटलेले वाक्य परत येत नाही हेही मला ठाऊक आहे."

"जाऊ द्या, सर. बसा." जिब्रानने चहा सांगितला. "वाशीला माझ्या ओळखीचा एक जण आहे. तो छापून देईल तुम्हाला. मी बोलून ठेवतो."

सरांनी रात्रभर हाच विचार केला होता, आणि त्याच्या पलीकडे जाऊन आले होते. "नको," ते म्हणाले. "तू अलिबागजवळच्या खंडाळ्याला कधी गेला आहेस? तिथे एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी कोकणात उतरले आणि तिथून पुन्हा स्वर्गात गेले असे आमचे लोक मानतात. त्या खडकावर त्यांच्या रथाच्या चाकाची खूण आहे. आमची माणसे तिथे जातात, नवस फेडतात. तिथे त्यांची मुद्रा नाही की मूर्ती नाही. आमच्या पूर्वजांना चाकाची खूण पुरली. मला का पुरू नये? तू मला चाक तेवढे छापून दे."

जिब्रानने वर पाहिले. "चाकाला काय हरकत, सर! चाक तर टांग्यालाही असतं."

मग सरांनी आपल्या हाताने तसबिरीचा वरचा भाग जाड कागदाने झाकला आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. जिब्रान तोवर पाठ करून उभा होता. सरांनी 'हं' म्हटल्यावर तो वळला. खाली उरले होते ते ज्वाळांनी वेढलेले चाक, घोड्यांचे मागचे खूर आणि अर्ध्या हवेत गळून पडणारा झगा. त्याने दिवे लावले, छायाचित्र घेतले, बुरशीचे डाग काढले. सर तिथेच बसून राहिले. जाड कागदात गुंडाळलेला पत्रा यंत्रातून बाहेर आला तेव्हा तो भाकरीसारखा तापलेला होता.

शुक्रवारी दुपारी झिल्पा आली. खाली ठाण्याची टॅक्सी थांबवून ठेवलेली होती. तिने आत येताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचन ठेवलेल्या त्या छोट्या डबीला, हात लावून बोटे ओठांना टेकवली. सरांच्या जिवाला तेवढ्याने बरे वाटले. मग ती घरभर फिरली, परक्याच्या घरी फिरावे तशी, हात मागे बांधून.

"छान आहेत चित्रं. तुम्ही निवडलीत?"

"हो."

"सारस छान आहेत."

"हो."

जेवणाच्या टेबलापाशी येऊन ती थांबली. समोर भिंतीवर चाक होते.  मग तिने हात पुढे केला आणि चाकाच्या आऱ्यावर तळवा ठेवला.

"गार लागतंय."

"धातू आहे."

"आणि वरचं? नबी कुठे गेले?"

सरांनी तिला सारे सांगितले. जिब्रानला काय बोलले तेही वगळले नाही. पडद्याचे सांगायला ते आले तेव्हा झिल्पा मध्येच म्हणाली, "ते मला माहीत होतं, पप्पा."

"तुला?"

"पडदा मीच तर ओढायचे! आईचे हात पिठात असायचे. ती म्हणायची, जा, अमिरुन्निसाखाला आल्या. मग मी स्टुलावर चढायचे, आणि पडदा ओढायच्या आधी चाकाला हात लावून घ्यायचे."

"मग मला कुणी सांगितले का नाही?"

"तुम्ही वह्या तपासत असायचात." ती हसली, पण हसू तिथेच संपले. "पप्पा, घराचा राग नव्हता मला. म्हणजे होता, पण खरा तो नव्हता. आई नसलेल्या घरात पहिली रात्र काढायची मला भीती वाटते. जुनं घर असतं तरी मी हॉटेलातच उतरले असते. घर विकलं म्हणून तुमच्यावर रागावणं त्याहून सोपं होतं."

 ती पहिली रात्र सरांनी काढली होती, आणि त्यानंतरच्याही. त्यांनी ताटे मांडली. पापलेटाची नारळाच्या रसातली आमटी त्यांनी स्वतः केली होती. मीठ अंमळ कमी पडले होते. झिल्पाने तक्रार न करता दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर ती आतल्या खोलीत जाऊन म्हणाली, "पाच मिनिटं पाठ टेकते," आणि उशीला डोके लागताच झोपली.

सर बाहेर बसले. पाच मिनिटे केव्हाच झाली. उन्हे पश्चिमेच्या खिडकीतून आत आली आणि भिंतीवर सरकू लागली. पत्र्यावरची चित्रे एकेक करून उजळली आणि एकेक करून विझली. खालून ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला.

तेव्हा सरांच्या मनात तो विचार आला. अजून थोडा वेळ गेला की ठाण्याला पोहोचण्यापूर्वीच सूर्य मावळेल. शब्बाथ लागला की झिल्पा वाहनात पाय ठेवणार नाही. मग आजची रात्र ती इथेच राहील, उद्याचा दिवसही. त्यासाठी त्यांना काहीच करायचे नव्हते. नुसते बसून राहायचे होते. उद्या कुणी विचारलेच तर सांगता येईल, दमलेल्या पोरीला उठवायला जीव झाला नाही. ते खोटेही ठरले नसते.

ते बसून राहिले. ऊन चाकावर आले. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, लहानपणी येई तसाच, थोडा घुरघुरणारा. या घरात दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज त्यांनी प्रथमच ऐकला. तो आणखी ऐकावा, एवढेच त्यांना वाटत होते. आणि त्याच वेळी त्यांना हेही कळत होते की झोपेचा फायदा घेऊन ठेवून घेतलेले माणूस उद्या उठेल तेव्हा अधिकच परके झालेले असेल. जी रात्र तिला भीतिदायक वाटते तिच्यात तिला नकळत ढकलणे हे बापाचे काम नव्हे.

ते उठले. दारात उभे राहून त्यांनी हाक मारली. "झिल्पा, ऊठ. अजून अवकाश आहे. आत्ता निघालीस तर पोहोचशील."

ती उठून बसली. खिडकीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"उठवलंत तुम्ही?"

"हो."

"मला वाटलं होतं, नाही उठवणार." तिने केस मागे घेतले. "झोपताना म्हटलं, नाही उठवलं तर राहीन. म्हणजे मला काही ठरवावंच लागणार नाही."

"तुझे तू ठरव, बेटा."

"हो, आता तेच करावं लागणार. आणि तेच नको होतं." ती रुसल्यासारखी म्हणाली. खालून पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. झिल्पा पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसून राहिली. सरांनी तिची पर्स उचलून टेबलावर ठेवली, जाताना विसरू नये म्हणून, आणि पाण्याचा पेला भरून आणला. तिने तो हळूहळू सगळा प्यायला.

"शब्बाथच्या दिव्यापुरतं खोबरेल आहे का घरात?" तिने विचारले.

"आहे. वातीही आहेत."

ती गॅलरीत गेली. वाकून तिने ड्रायव्हरला मोठ्याने सांगितले, "भाऊ, तुम्ही जा! रविवारी या!" खालून त्याने काहीतरी विचारले, तिने पुन्हा तेच सांगितले. आत येऊन ती म्हणाली, "रात्री मला रडू आलं तर उठून बसू नका हं. तुम्ही शेजारी बसलात की मला जास्त रडू येतं."

"बरे," सर म्हणाले.

त्यांनी काचेचा पेला, तेल आणि वाती टेबलावर आणून ठेवल्या. हदासमागे दर शुक्रवारी हा दिवा त्यांनीच लावला होता. सवयीने त्यांचा हात काड्यापेटीकडे गेला. पण डोक्यावर ओढणी घेऊन झिल्पा पुढे आली होती, आणि दिवा लावणे हे घरातल्या बाईचे काम. तिने काडी ओढली. सर बाजूला सरले, आणि आपल्याच घरात नेमके कुठे उभे राहायचे हे त्यांना थोडा वेळ सुचेना.